आवाज भाड्यानं देणे आहे

करिश्माचं वागणं बायजाबायला मुळीच पटलेलं नव्हतं. पोटच्या पोरीनं लग्न करून रॉटरडॅमला जावं, तिकडे सायकलवरून भाजी आणावी, नवऱ्याला भांडी घासायला लावावीत, इथवर ठीक होतं. भांड्यांचं तर बायजाबायला मनातून आवडलंही होतं. पण आईला आठवड्यातून एक फोन करायचा, तोही “आये, आवाज तुटतोय, नंतर करते” म्हणून अर्ध्यावर सोडायचा, आणि इकडे ठाण्याच्या माजिवड्यात अख्ख्या बिल्डिंगशी लिफ्टमध्ये सकाळपासून गोड गोड बोलत राहायचं, ह्याला काय म्हणावं?

गोड म्हणजे किती? “कृपया दारापासून दूर उभे राहा.” कृपया. ह्या पोरीनं जन्मात आईला कृपया म्हटलं नव्हतं. बारशापासून आजपर्यंत आईशी तिची जी काही बोलणी झाली त्यांत मागणी होती, तक्रार होती, दोनदा उपोषणाची धमकी होती, कृपया नव्हतं. आणि इथं चौदाव्या मजल्यावरच्या त्या भाडेकरूला, जो लिफ्टमध्ये नाक कोरतो, त्याला कृपया.

शोध लागला तो जुनी लिफ्ट काढून नवी बसवली त्या आठवड्यात. बायजाबाय नाक्यावरून बोंबील घेऊन वर चालली होती. पिशवी गळत होती, आणि शेजारी उभा असलेला गृहस्थ श्वास रोखून आकडे मोजत होता. तेवढ्यात छतातून आवाज आला, “सातवा मजला.” बायजाबायनं मान वर केली. ‘सातवा’ म्हणताना ‘वा’ जरा लांबवायचा आणि शेवटी वर उचलायचा, ही खोड मिठागराच्या बांधावरून पलीकडच्या माणसाला हाक मारणाऱ्यांची. बायजाबायच्या सासूला होती, बायजाबायला आहे. शाळेतल्या बाईंनी करिश्माची ती मोडायचा प्रयत्न केला, कॉलेजनं केला, पण हाडात मुरलेलं मीठ असं निघत नाही.

“करिश्मा?” बायजाबायनं छताला विचारलं.

“दरवाजा बंद होत आहे,” करिश्मा म्हणाली.

आईनं हाक मारावी आणि पोरीनं तोंडावर दार लावून घ्यावं! बोंबील ओट्यावर तसेच टाकून बायजाबायनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर जे दिसलं त्यानं ती आणखीच हादरली. करिश्मा अंधारात बसली होती. अंगाभोवती गोधड्या, डोक्यावर लोंबणारे कोट, तोंडासमोर काळा दांडा.

“तुना कपाटात कोनी कोंडला?”

“कोनी नाय गो आये. मी रेकॉर्डिंग करते. कपाटात आवाज घुमत नाही. सगळे असंच करतात.”

“सगले कपाटात बसतात? न मंग घरा कया बांधली तिकरं? जावयाला दे फोन.”

जावई, देवेश देशमुख, ओला हात पुसत आला. “आई, खरंच सांगतो, तिनंच मला बाहेर ठेवलंय. कुकरची शिटी झाली तरी रागावते.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. करिश्मा तिकडे बसून मराठी आवाज देण्याची कामं करत होती. कुठल्याशा लिफ्ट कंपनीनं नमुना मागितला, हिनं मजले, दार, वजन असं सगळं म्हणून पाठवलं. कंपनीला नमुना इतका आवडला की तिनं तो सरळ लिफ्टमध्येच बसवला. पैसे? नमुन्याचे कसले पैसे. आता त्याच कंपनीला पुरा संच हवा होता, महाराष्ट्रभरच्या लिफ्टसाठी, कायमचा, आणि पुढेमागे त्यांची जी यंत्रं निघतील त्या सगळ्यांत वापरायच्या हक्कासकट. रेट किती ते शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणाले होते.

“मंग कलवलास?”

करिश्मा गोधडीत जरा खाली सरकली. “तेच तर कळत नाहीये. इथल्या हिशोबानं सांगितला तर ते पळून जातील. ठाण्याच्या हिशोबानं सांगितला तर इथं त्यात कोथिंबीर येत नाही. लिहिते, खोडते. शेवटी वाटतं, लिहावं की तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.”

बायजाबायच्या कानशिलाची शीर उडाली. “नाक्यावरची मंजुळा सांगते का, पापलेटचं योग्य वाटंल ते द्या?”

“आये, हे काम गेलं ना, तर मी हे सगळं बंद करणार. देवेशच्या ओळखीनं गोदामात काम मिळतंय. ट्यूलिपचे कांदे निवडायचे.”

कांदे. माजिवड्याच्या भोईरांची पोर, जिच्या एका हाकेवर चार खाचरांपलीकडची म्हैस मागं वळायची, ती परदेशात कांदे निवडणार, आणि तेही खायचे नव्हेत. बायजाबायनं फोन ठेवला आणि त्याच घटकेला ठरवलं की हा भाव ती लावणार. चौथीत शाळेनं तिला सोडलं होतं हे खरं. पण भावाच्या बाबतीत आजवर ठाणे जिल्ह्यात तिला कोणी हरवलेलं नव्हतं.

आता, आपल्याकडे एखाद्यानं काही ठरवलं की ते गुप्त राहत नाही, आणि गुप्त राहिलं नाही की सल्ला येतो. पहिली आली सातव्या मजल्यावरची वैशाली. ही सोसायटीची सेक्रेटरी, आणि नोकरी घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात माणसं नेमायची. बोलताना दोन्ही हातांनी हवेत खोकी काढते.

“मावशी, एक असतो मार्केट रेट,” एक खोका. “एक असतो तिचा एक्सपिरियन्स,” दुसरा खोका. “ती बाहेर राहते, पण क्लायंट लोकल. मग आपण मधला बँड पकडायचा.”

“बँड लग्नाला लागतो,” बायजाबाय म्हणाली. “तू मना सांग, ती टमाटा कुठला खाते? तिकरचा ना? न कंपनी टमाटा विचारते इकरचा. मंग भाव कोनच्या टमाट्याचा?”

वैशालीनं काढलेली दोन्ही खोकी हवेतच राहिली.

दुसरा सल्ला कोपरहून आला, भाऊ धाकूचा. धाकूची जमीन विकून झाली होती, गाडी घेऊन झाली होती, गाडी विकूनही झाली होती. आता त्याच्याकडे सल्ला तेवढा उरला होता आणि तो मोकळ्या हातानं वाटायचा. “बायजे, एकरकमी घे न मोकली हो. आवाज म्हंजे काय गो, तोंडातली हवा. उद्या सर्दी झाली तर तीबी जाल.”

हे ऐकलं आणि बायजाबायच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकूनं जमीन एकरकमी दिली होती, आणि आता तो आपल्याच शेतावरच्या टॉवरखाली उभा राहून वॉचमनला आपलं नाव सांगतो. बायजाबायनं दिली नव्हती. तिनं बिल्डरकडून जागेबदली फ्लॅट घेतले, एकात ती राहत होती आणि बाकीचे भाड्यानं होते. लिव्ह लायसन, अकरा महिन्यांचा करार, अनामत, दरवर्षी वाढ. जगात बाकी कुठलाही कागद तिला कळत नव्हता. पण हा कळायचा, आणि एकदा एक कागद नीट कळला की माणसाला सगळं जग त्याच कागदावर लिहिलेलं दिसतं. आवाज विकायचा नाही. आवाज भाड्यानं द्यायचा.

अटी तिला तोंडपाठ होत्या. अनामत आधी. मुदत अकरा महिने. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, म्हणजे लिफ्टसाठी घेतलेला आवाज उद्या पिठाच्या गिरणीत घालायचा नाही. पोलिसांकडे नोंद करायची. पोरीचा आवाज कोणाच्या दारात राहायला जातोय ते बघायला नको? भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. आवाजाला खिळे कसे ठोकतील हे तिच्याही मनात येऊन गेलं, पण अट म्हणून ती वाईट नव्हती, आणि आजवर प्रत्येक भाडेकरूनं ती मोडलेली होती.

आता हे कंपनीला कळवायचं कसं? लिफ्टमध्ये पत्र्यावर नंबर लिहिलेला होता. बायजाबायनं तो फिरवला. एका बाईनं, जी करिश्मा नव्हती, सांगितलं की लिफ्ट बंद असल्यास एक दाबा, लिफ्ट अडकली असल्यास दोन दाबा. भावाविषयी बोलायचं असल्यास काय दाबा, हे ती सांगेना. बायजाबायनं सगळंच दाबलं.

“मॅडम, आपली लिफ्ट कुठे अडकलीय?” पलीकडून एक मुलगी.

“लिफ्ट नाय अडकली गो. भाव अडकलाय.”

“कितव्या मजल्यावर?”

“मी अकराव्यावर. तुज्या सायबाला दे. आवाज भाड्यानं देनार, अकरा महिने, अनामत आधी.”

“म्हणजे आवाज येतोय का मॅडम लिफ्टमधून?”

“येतो ना. तोच तर माज्या पोरीचा.”

पलीकडे टकटक झाली. “ठीक आहे मॅडम, ‘लिफ्टमधून आवाज येतो, मुलगी आत आहे’ अशी तक्रार घेतली. आमचा माणूस निघाला.”

माणूस आला. मधु त्याचं नाव, पोट पुढे, हत्यारांची पेटी मागे. तो धापा टाकत जिन्यानं वर आला, कारण कंपनीच्या नियमाप्रमाणे अडकलेल्या लिफ्टनं यायचं नसतं. आल्या आल्या त्यानं विचारलं, “मुलगी कुठाय?”

“रॉटरडॅमला.”

मधुनं पेटी खाली ठेवली आणि पाणी मागितलं.

दुपारी बायजाबायनं परत फोन केला, परत तक्रार झाली, परत मधु. संध्याकाळी परत. मधु तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जगाविषयी काही आशा उरलेली नव्हती. “मावशी, मी लिफ्टवाला. भाव-बिव मला विचारू नका. आवाज चालू पाहिजे का बंद, एवढंच सांगा. एवढंच माझ्या हातात आहे.”

भाडेकरूनं भाडं थकवलं की बायजाबाय भांडत बसत नसे. पाण्याचा कॉक फिरवत असे. “बंद कर,” ती म्हणाली. “भाव ठरत नाय तवर बंद.”

मधुनं वर जाऊन काहीतरी पिळलं, चिठ्ठीवर सही घेतली आणि हलका होऊन गेला. लिफ्ट मुकी झाली. बायजाबायला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वैशालीनं बेल दाबली. पाठीमागे नवव्या मजल्यावरचे कुंडलिक सर उभे होते. सर निवृत्त मुख्याध्यापक. बोलणं धुतलेल्या धोतरासारखं स्वच्छ, आणि डोळे आताशा अगदीच अधू. झालं होतं असं, की सर फेरफटका मारून परतले, लिफ्टमध्ये चढले आणि मजला ऐकण्याची वाट बघत राहिले. कोणी काही बोलेना. दार उघडलं तिथं उतरले, उघड्या दारातून आत गेले आणि सवयीप्रमाणे खिडकीशी खुर्चीवर बसले. ते वैशालीचं घर होतं. वैशालीच्या सासूबाईंनी पाहुणे समजून चहा दिला. चहा पिऊन सर मोठ्यानं म्हणाले, “सूनबाई, चहा आज प्रथमच जमला.” हे वाक्य सरांच्या खऱ्या सुनेपर्यंत पोचायला जेमतेम चहाचा कप विसळण्याइतका वेळ लागला. ती तेव्हापासून बोलत नव्हती; ना सरांशी, ना वैशालीशी.

“मावशी, लिफ्टचा आवाज तुम्ही बंद केलात? चिठ्ठीवर तुमची सही आहे,” वैशाली म्हणाली. “ग्रुपवर किती मेसेज आलेत बघा.”

“ग्रुप मी वाचत नाय. वाचलं तर सगल्यांना उत्तर द्यावं लागंल, न तुमाला ते सोसायचं नाय.”

सर मधे पडले. “बायजाबाई, मी तक्रार करायला आलेलो नाही. फक्त एवढंच सांगतो, तुमची करिश्मा ‘नववा मजला’ म्हणते तेव्हा मी कोणाचा हात न धरता घरी जातो. गेले काही दिवस तेवढं एक काम माझं मी करत होतो.”

चूक कबूल करणं बायजाबायच्या स्वभावात बसत नव्हतं. आवाज परत चालू करणं म्हणजे कंपनीपुढे वाकणं. मधला रस्ता एकच होता. तिनं आतून प्लास्टिकचं स्टूल आणलं, पदर खोचला आणि लिफ्टमध्ये जाऊन बसली.

“चला सर,” ती म्हणाली. “आवाजाच्या बदली आवाज. पोरीचा नाय तर आयसचा.”

पुढचा सगळा वेळ माजिवड्यातल्या त्या बिल्डिंगनं जे ऐकलं ते कुठल्याही लिफ्टमध्ये कोणी ऐकलं नसेल. “तिसरा. उतर, तुजी सासू वाट बगते.” “आठवा. हितं सुकट भाजलीय, नाक धरा.” “नववा. सर, दोन पावलं पुढं, डाव्या हाताला तुमचा दार. सुनेला सांगा मी विचारलं.” नाक कोरणाऱ्या भाडेकरूला तिनं सगळ्यांदेखत कोपऱ्यात तोंड करून उभं केलं, आणि तो राहिला. लोक आधी चिडले, मग बावरले, मग मुद्दाम खाली-वर करू लागले. बायजाबायला मात्र ह्यात गंमत दिसत नव्हती. तिचा कणा दुखत होता, शुक्रवार उद्यावर आला होता, आणि करिश्माचा मेसेज आला होता: “आये, मी त्यांना लिहून टाकते, जे द्याल ते. नको आता.” बायजाबायनं उत्तरादाखल बोलून पाठवलं, “लिवलंस तर कपाटाला भायरून कडी लावीन,” आणि पुढच्या मजल्याचं दार उघडलं.

संध्याकाळी ऑफिसं सुटली. तळमजल्यावर लिफ्टमध्ये माणसं कोंबली गेली, आणि लिफ्ट पीं करून ओरडायला लागली. वजन जास्त झालं की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. सडपातळ माणसं जाड माणसांकडे बघतात, जाड माणसं मोबाईलकडे. करिश्माचा आवाज चालू असताना तो तीनतीनदा म्हणायचा, कृपया एका व्यक्तीने बाहेर यावे, आणि ती एक व्यक्ती कधीच बाहेर यायची नाही.

स्टुलावरून बायजाबाय उठली. “शेवटी शिरला तो कोन? तू ना रे, बॅगवाला? उतर. आनि तू, खांद्यावर पोता घेतलाय तू, पोत्याबरोबर तूबी उतर. बाकीच्यांनी पोट आत घ्या. हा, लाग आता दार.”

दोघं निमूट उतरले. बाकीच्यांनी खरोखर पोटं आत घेतली. लिफ्टचं ओरडणं थांबलं.

कोपऱ्यात एक बाई उभी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. ती बायजाबायकडे बघतच राहिली होती. “मावशी, तुम्ही इथं कोण?” तिनं विचारलं.

“मी इथला आवाज,” बायजाबाय म्हणाली. “कितवा तुजा?”

“अकरावा. भोईर. लिफ्ट कंपनीतून आलेय मी. माया. एकाच घरातून एकामागून एक तक्रारी आल्यात, एकीत तर मुलगी आत आहे असं लिहिलंय, म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं. करिश्मा देशमुखचा इथला पत्ताही हाच दिसला. आवाजाचं काम मीच बघते ना.”

बायजाबायनं स्टूल उचललं. “चल. ह्याच घरी चाललीस तू.”

चहा झाला. बायजाबायनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि करिश्माला लावला. करिश्मा कपाटातच होती. मायाला बघून ती गोधडीत इतकी आत गेली की फक्त कपाळ दिसत राहिलं.

“माया मॅडम, सॉरी, आई जरा…”

“आई जरा काय नाय,” बायजाबाय म्हणाली, आणि अटी सुरू झाल्या. अनामत, अकरा महिने, पोटभाडेकरू, पोलीस. माया ऐकत होती. खिळ्यांपाशी तिनं चहाचा कप खाली ठेवला.

“मावशी, असं कोणी करत नाही. आवाज आम्ही एकदाच घेतो, कायमचा. सगळेच तसंच देतात. आणि रेट म्हणाल तर मराठीला आमचा ठाण्याचा ठरलेला आहे. त्या कुठे राहतात त्याच्याशी आम्हाला काय?”

“बरोबर. ती कुठं राहते त्याच्याशी तुला काय. मंग तिचा आवाज कुठं कुठं राहील, त्याच्याशी तिलाबी काय नाय का? लिफ्ट किती वर्सं चालते?”

“वीसेक चालते.”

“वीस वर्सं लोक हिच्या बोलन्यावर चढनार-उतरनार, न हिला पैसे एकदाच? भाडेकरू एकदाच भाडं देऊन वीस वर्सं राहिला असा तू पायलाय?”

“पागडीचे असतात ना,” माया म्हणाली. ही पोरगी हुशार होती.

“जुन्या खोल्यांतल्या त्यांच्यावरच माज्या कोर्टात तारखा चालू हायेत,” बायजाबाय म्हणाली.

माया फोनकडे वळली. “करिश्मा मॅडम, तुम्हीच सांगा. काम तुमचं आहे. तुमचा आकडा काय?”

पडद्यावर कपाळ घामेजलेलं दिसत होतं. बायजाबाय मनात म्हणत होती, बोल. बोल गो. म्हशीला हाक मारताना कशी बोलायचीस.

“मॅडम,” करिश्मा म्हणाली, अगदी लिफ्टमधल्या आवाजात, “तुम्हाला योग्य वाटेल ते.”

बायजाबायनं डोळे मिटले. मायानं फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. खरं तर तिलाही फारसा आनंद झालेला दिसला नाही. मग काहीतरी आठवून तिनं पेन तसंच धरलं. “मावशी, एक वेगळंच विचारू? ते वजन जास्त झाल्यावरचं. आमच्या सगळ्या लिफ्टमध्ये तीच बोंब आहे, कोणी उतरतच नाही. तुम्ही आज जे बोललात ना, तसं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्याल का? आणि लिफ्ट अडकली तर लोकांना धीर द्यायचं एक. तुमचा काय रेट ते सांगा.”

बायजाबायच्या गालांवर, कैक वर्षांत आली नव्हती अशी, लाली आली. तिनं पदर सारखा केला. भिंतीकडे बघितलं, सिलिंगकडे बघितलं. आयुष्यात तिनं भातजमिनीचा भाव केला, रेतीचा केला, फ्लॅटचा केला, मंजुळेच्या पापलेटचा रोज करत होती. स्वतःचा कोणी विचारलाच नव्हता.

“माजा कसला गो भाव,” ती म्हणाली. “घरचंच काम. चा घेतलास ना, झालं.”

वैशाली तेवढ्यात लिफ्टचं काय झालं ते विचारायला दारात आली होती. तिचे हात खोका काढता काढता थांबले.

आणि मग फोनमधून कपाटाचं दार धाडकन आपटल्याचा आवाज आला. करिश्मा बाहेर उजेडात उभी होती. केस विस्कटलेले, खांद्यावर गोधडी, एका कोटाची बाही गळ्यात. तिनं तोंड उघडलं, आणि जो आवाज आला त्यानं साखरेचा डबा हलला.

“आये, तू गप बस.”

बायजाबाय गप बसली.

“माया मॅडम, आईचा आवाज फुकट मिळणार नाही. मुदतीनं मिळेल. मुदत संपली की नवा करार, नवे पैसे, दरवर्षी वाढ. लिफ्टसाठी दिलेला लिफ्टमध्येच वापरायचा. दुसऱ्या मशीनमध्ये घातला तर त्याचे वेगळे. आणि भाव ठाण्याचा नाही. तिच्यासारखं माणसांना उतरवणारं दुसरं कोणी ठाण्यात असेल तर त्यांचा रेट मला दाखवा.”

मायानं पेन खाली ठेवलं. “आणि तुमचा?”

करिश्मा थबकली. वारा गेलेल्या फुग्यासारखी परत कपाटाकडे बघायला लागली. पण आता बायजाबायला वाचा फुटली होती.

“तिचाबी ह्योच. न वर नमुन्याचे. नमुना चाखायला असतो, तुमी तर जेवून उठलाव.”

मायानं गॅलरीत जाऊन साहेबांना फोन लावला. काचेआडून तिचे हातवारे दिसत होते. एकदा तिनं पोट आत घेऊन दाखवलं, म्हणजे लिफ्टचा विषय चालला असावा. बऱ्याच वेळानं ती आत आली. कायमचं नाही. तीन वर्षांची मुदत, पुढे नवा करार. दुसऱ्या यंत्रांचं वेगळं. नमुन्याचे पैसे मिळतील. भाव रॉटरडॅमचा नाही, पण ठाण्याचाही नाही. साहेब मधे कुठेतरी येऊन थांबले होते. “तुमच्या खिळ्यांची अट मात्र साहेबांना कळली नाही,” ती म्हणाली. “ती सोडू या?”

“ती सोडली,” बायजाबाय उदारपणे म्हणाली. कुठल्याही सौद्यात समोरच्याला एक तरी अट जिंकू द्यावी.

मधु चौथ्यांदा आला, वर जाऊन पिळलेलं उलटं पिळलं, आणि सगळ्यांत आधी कुंडलिक सरांना बोलावून एक फेरी घडवली. सर नवव्यावर एकटे उतरले. त्यांनी हात वर करून छताला नमस्कार केला असं मधु सांगत होता. सूनबाई मात्र अजून बोलत नव्हत्या. त्यावर कंपनीकडे काही उपाय नव्हता.

माया गेली, वैशाली ग्रुपवर बातमी टाकायला धावली. साखरेच्या डब्याला टेकलेल्या फोनमध्ये करिश्मा गालातल्या गालात हसत होती. मागे देवेश टाळ्या वाजवत होता, ओल्या हातांनी.

“बघ आये,” ती म्हणाली, “जमलं की नाय मना?”

बायजाबायनं फोन हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि पोरीकडे नीट बघितलं.

“अर्धा जमला. आयसचा भाव सांगताना वाघीन झालीस, न सवताचा सांगताना शेली. मीबी तसलीच निंगाली, ते तुज्या डोल्यांदेखत झालं, म्हनून जास्त बोलत नाय. आजपासून आपल्यात ठरला: तुजा भाव मी सांगनार, माजा तू. कोन किती बोलंना, सवताचा कोनी सांगायचा नाय. न एक ध्यानात ठेव करिश्मे, माजा आकडा तुज्यापेक्षा वर पायजे. मी तुजी आयस हाय.”